दहा बाय बाराची खोली आणि माझी गाडी

मुंबईतल्या समस्त नातेवाइकांसाठी आधी एक जाहीर खुलासा. गेल्या थंडीत एका रविवारी आम्ही मुंबईत आलो आणि कुणाकडेही न डोकावता परत गेलो, ही बातमी खरी आहे. ती गिरगावच्या मावशीपर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक (लेकावर दाट संशय आहे). मावशीने फोनवर विचारलं, "आमच्या दारावरून गेलात म्हणे, दोनदा?"

दोनदा नाही गं मावशी, तीनदा गेलो. थांबलो नाही, कारण थांबायला जागाच नव्हती.

तर झालं असं. बाबांनी कित्येक वर्षांत मरीन ड्राइव्हवरून सूर्यास्त पाहिला नव्हता. त्यांचं सगळं तरुणपण गिरगावात गेलं, पुढे नोकरी फोर्टात, बँकेत. ऑफिस सुटलं की चर्चगेटला जायच्या आधी दहा मिनिटं कठड्यावर बसायचं आणि मग गर्दीबरोबर निघायचं, हा शिरस्ता. निवृत्त होऊन पुण्याला आले त्यालाही आता वीस वर्षं होतील. एका सकाळी चहा पिताना सहज म्हणाले, "एकदा समुद्रावर बसून यायला हवं." बाबा असं काही मागणाऱ्यांतले नाहीत. त्यामुळे मी लगेच म्हटलं, "चला, रविवारी जाऊ."

आता कुणी म्हणेल, पुण्याहून मुंबईला जायचं तर डेक्कन क्वीन आहे की! आहे, १९३० पासून आहे. पण ती संध्याकाळी पाच दहाला सीएसएमटीहून परत निघते, आणि थंडीत सूर्य मावळतो सव्वासहाच्या आसपास. म्हणजे सूर्यास्त बघायचा तर डेक्कन क्वीन सोडायची आणि बाबांच्या गुडघ्यांसकट रात्रीच्या गाडीची वाट बघत बसायचं. त्यापेक्षा आपली गाडी बरी. हवं तेव्हा निघा, हवं तेव्हा परता. आपल्या मर्जीचे मालक आपण. हे वाक्य लक्षात ठेवा.

एक्स्प्रेसवे झकास, अटल सेतू त्याहून झकास. पाण्यावरून जाताना बाबा लहान मुलासारखे खिडकीला चिकटून बसले होते. शिवडीला उतरलो, फ्रीवे धरला आणि पावणेपाचला चर्चगेटजवळ पोचलोसुद्धा. हातात दीड तास. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि मग आमचा खरा प्रवास सुरू झाला.

वीर नरिमन रोडवर पट्टे आखलेल्या सगळ्या जागा भरलेल्या. मागच्या गल्ल्यांत शिरलो. मरीन ड्राइव्हच्या इमारतींमागे ए रोड, बी रोड, सी रोड अशा अक्षरांच्या गल्ल्या आहेत. लेक मागून फोनवर नकाशा बघत "आई, डी रोडला ट्राय कर" असं सांगत होता आणि प्रत्येक अक्षराच्या तोंडाशी एकेक वॉचमन हात हलवून आम्हाला पुढे पाठवत होता. तिकडून नरिमन पॉइंट. रविवार असल्याने कचेऱ्या बंद, त्यांच्या आवारातल्या जागा चक्क मोकळ्या, पण फाटकाला कुलूप. "ओन्ली स्टाफ, मॅडम." रविवारी कुठला आलाय स्टाफ?

एके ठिकाणी पावतीपुस्तक हातात असलेला एक माणूस दिसला. जीव भांड्यात पडला. काच खाली केली. तो म्हणाला, "ताई, फुल्ल आहे." मग जरा वाकून, "अर्ध्या तासासाठी करून देतो. तीनशे."

मी पर्स उघडलीसुद्धा होती. बाबांनी विचारलं, "पावती?" तो हसला. "काका, पावती पाहिजे तर जागा नाही." बाबा मला म्हणाले, "चल पुढे." आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळलेला माणूस! त्यांना तीनशेचं दुःख नव्हतं, पावती नसल्याचं होतं. मला मात्र त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हे इथे कबूल करते.

मग आमच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. नरिमन पॉइंटहून चौपाटी, चौपाटीवरून आत गिरगावात, गिरगावातून परत चर्चगेट, पुन्हा नरिमन पॉइंट. ज्यांनी मरीन ड्राइव्हवर गाडी चालवली आहे त्यांना माहीत असेल, नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो. बाबा माझ्या शेजारी, डावीकडे बसलेले. पहिल्या फेरीत सूर्य पिवळा होता. दुसऱ्या फेरीत केशरी. तिसऱ्या फेरीत तो पाण्याला टेकला तेव्हा मी गाडी अगदी हळू केली, तर मागून हॉर्न आणि पुढून पोलिसाची शिट्टी. बाबांनी मान वळवून जेवढा दिसला तेवढा बघितला. वळणापर्यंत. मग चौपाटीचा सिग्नल आला.

"दिसला की," बाबा म्हणाले.

एवढंच. पुण्याहून येऊन बाबांनी सूर्यास्त तीन तुकड्यांत, खिडकीतून, धावत्या गाडीतून पाहिला.

शेवटी पावणेसातला गाडी लागली ती एका बहुमजली सार्वजनिक वाहनतळात, समुद्रापासून बरीच आत. रस्त्यावर त्याची पाटी शोधून सापडत नव्हती, पण आत शिरलो तर तिसऱ्या मजल्यावर निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या! दर भिंतीवर लिहिलेला, पावती छापील. मी अक्षरशः कपाळावर हात मारला. दोन तास आम्ही जिच्यासाठी वणवण केली ती जागा तिथेच होती, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता अंधार पडला होता, तिथून चालत समुद्रापर्यंत जाणं बाबांना जमणारं नव्हतं.

बाबा गाडीतून उतरले, पाय मोकळे करायला दोन पावलं चालले आणि मग जमिनीवर आखलेला पांढरा चौकोन पावलांनी मोजू लागले. मापं काढायची त्यांची जुनी सवय आहे.

"केवढी गं ही जागा?"

"अडीच मीटर बाय पाच मीटर असते साधारण," मी म्हटलं.

बाबांनी हिशोब केला. "म्हणजे एकशे चौतीस चौरस फूट. आपली खोली दहा बाय बारा होती."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरगावातल्या त्या दहा बाय बारामध्ये आजी-आजोबा, बाबांची चार भावंडं आणि बाबा धरून सात माणसं राहत. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची, तिथेही अख्खी कुटुंबं वाढली. आणि माझी एकटी गाडी, जिच्यात आम्ही तीन माणसं आलो होतो, तिला त्याच शहरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एकशे चौतीस चौरस फूट जागा हवी होती. स्वस्तात. आणि मिळाली नाही म्हणून मी दोन तास चडफडत होते!

परतीच्या वाटेवर घाट लागेपर्यंत माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. नंतरही घोळत राहिलं. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

माझं आता स्पष्ट मत झालंय की समुद्राकाठी स्वस्त पार्किंग मागणं हीच मुळात चूक आहे. आपण मागायला हवं ते वेगळंच काहीतरी.

आता हे मत एका पुणेकराकडून येतंय हे जरा बाजूला ठेवा :). २०१८ साली पुणे महापालिकेनं रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. "आम्ही रोड टॅक्स भरतो, वर पार्किंगचे पैसे कशाला?" असं म्हणणाऱ्यांत मीही होते. हा युक्तिवाद तेव्हा मला बिनतोड वाटला होता. पण रोड टॅक्स रस्त्यावरून जाण्याचा असतो. रस्त्याचा एक तुकडा अडवून दिवसभर बसण्याचा नव्हे. चाळीतल्या सार्वजनिक गॅलरीत कुणी आपलं कपाट आणून ठेवलं आणि म्हणालं, मी देखभालीचे पैसे भरतो, तर आपण काय म्हणू?

या विषयावर अमेरिकेतल्या डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी आयुष्य घालवलं. लॉस एंजलिसला शिकवायचे, २०२५ मध्ये वारले. त्यांचं जाडजूड पुस्तक २००५ साली आलं. त्याचा विषयच मुळी फुकट पार्किंग आपल्याला किती महाग पडतं हा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी आयुष्यातला पंचाण्णव टक्के वेळ नुसती उभी असते. ती जिथे उभी राहते त्या जागेची किंमत कुणीतरी भरतच असतं. गाडीवाल्याने नाही भरली तर बाकीचे भरतात, ज्यांच्याकडे गाडी नाही तेसुद्धा. आणि जागा फार स्वस्त ठेवली की ती सकाळीच भरते, मग उरलेले सगळे दिवसभर तिच्याभोवती घिरट्या घालतात. आम्ही घातल्या तशा. त्यांनी त्यांच्या विद्यापीठाजवळच्या जेमतेम पंधरा ब्लॉकांचा अभ्यास केला, तर निव्वळ जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या वर्षाला साडेनऊ लाख मैल चालतात असा हिशोब निघाला.

त्या दिवशी मरीन ड्राइव्हवरच्या गर्दीत आमच्यासारखे किती असतील? सारखीच एक पांढरी गाडी आमच्या पुढे दिसत होती. तिच्यातही मागे एक आजी बसल्या होत्या. तिसऱ्या फेरीला आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

आता जरा मरीन ड्राइव्हचाच हिशोब करू. बाबांच्याच पद्धतीने. लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या कडेला समांतर उभी करायची तर एका गाडीला सहा मीटर धरावे लागतात. म्हणजे अख्ख्या मरीन ड्राइव्हवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये एकही फट न ठेवता गाड्या लावल्या तरी सहाशेसुद्धा मावणार नाहीत. प्रत्येक गाडीत चार माणसं धरली तरी झाली दोन हजार तीनशे-चारशे. गर्दीच्या वेळी चर्चगेटला लागणाऱ्या एका बारा डब्यांच्या लोकलमधून याहून कितीतरी जास्त माणसं उतरतात, आणि पाच-सात मिनिटांत चालत कठड्यावर येऊन बसतात. त्यांना जागा किती लागते? बूड टेकण्याएवढी.

म्हणजे जे दिसतंय ते साधं आहे. समुद्रावर माणसं मावतात, गाड्या मावत नाहीत.

तरीही आपण काय करत आलो? २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पुरा झाला. २००९ मध्ये सी लिंक. २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू, मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने कोस्टल रोड. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. यातल्या प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या आहेत, खोटं कशाला बोलू? पण यातल्या प्रत्येकाने समुद्राकडे जाणारी वाट सोपी केली आणि मरीन ड्राइव्ह मात्र होता तेवढाच राहिला. नरसाळ्याचं तोंड मोठं करत गेलो, नळी तीच. गाडी लवकर पोचते, मान्य. पोचून करायचं काय?

काळा घोड्याची गंमत माहीत आहे ना? तिथला घोड्यावरचा राजपुत्राचा पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला. नाव उरलं काळा घोडा, आणि त्याच्या जागी उभ्या राहू लागल्या मोटारी. पुढे २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, यावेळी बिनस्वाराचा. मधली पन्नास वर्षं मुंबईतल्या एका देखण्या चौकाची ओळख म्हणजे वाहनतळ! राजाला हलवणं जमलं, मोटारीला हलवणं नाही जमत आपल्याला.

बरं, मग उपाय काय? नुसता दंड हा उपाय नव्हे. जुलै २०१९ मध्ये मुंबई पालिकेनं सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर बेकायदा गाडी लावली तर चारचाकीला दहा हजारांपर्यंत दंड लावायला सुरुवात केली होती. आकडा ऐकून धडकी भरते खरी. पण वाहनतळ कुठे आहे, किती रिकामा आहे, हे बाहेरगावच्या माणसाला रस्त्यावर कळतच नसेल तर दंड हा त्याच्यासाठी नुसता लॉटरीचा उलटा नंबर. हे बहुमजली वाहनतळ बिल्डरांना जादा चटई क्षेत्र देऊन, त्या बदल्यात बांधून घेतलेले आहेत. म्हणजे त्यांची किंमत शहराने आधीच मोजली आहे, गर्दीच्या रूपात. त्यांचा तिसरा मजला रविवारी संध्याकाळी रिकामा राहणं ही उधळपट्टीच आहे.

माझ्या अल्पमतीला सुचतं ते असं.

समुद्राला लागून असलेल्या मोजक्या जागा महाग असू द्याव्यात. चांगल्या महाग. इतक्या, की कोणत्याही वेळी दोन-चार रिकाम्या सापडतील. पण दर ठळक लिहिलेला हवा आणि पावती हवी. तीनशे रुपये मी द्यायला तयार होतेच की! ते त्याच्या खिशात न जाता पालिकेकडे गेले असते, आणि तिथून परत त्याच किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहांवर आणि बाकांवर खर्च झाले असते, तर बाबांनीही हरकत घेतली नसती. शूपसाहेबांचंही हेच सांगणं होतं, की जिथे पैसे गोळा होतील तिथेच ते खर्च झालेले लोकांना दिसले पाहिजेत.

दुसरं, त्यातल्या काही जागा ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी खरोखर राखून ठेवाव्यात. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कठड्याशी उतरवून गाडी पुढे नेता येईल असे दोन मिनिटांचे थांबे असावेत. आमची खरी गरज तेवढीच होती! बाबा आणि लेक समुद्रावर उतरले असते आणि मी एकटी खुशाल गाडी घेऊन दादरला गेले असते. पण उतरवायलाही थांबता येत नव्हतं.

तिसरं, रविवारी बंद असणाऱ्या कचेऱ्यांची आवारं संध्याकाळपुरती पैसे घेऊन उघडावीत. बांधायला काही नको, फक्त कुलूप काढायचं.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त पार्किंग द्यायचं ते शहराच्या वेशीवर द्यावं, लोकलच्या आणि मेट्रोच्या स्टेशनांजवळ. तिथे ते हवं तितकं स्वस्त असू दे.

यावर माझ्या नवऱ्याने (तो त्या दिवशी घरी क्रिकेट बघत होता, तो सुटला) आक्षेप घेतला. "म्हणजे पैसेवाल्यांनी समुद्रावर गाडी लावायची आणि बाकीच्यांनी पनवेलला?" आक्षेप बिनबुडाचा नाही. मलाही तो टोचतो. पण नीट पाहिलं तर मरीन ड्राइव्हवर बसलेल्यांपैकी बहुतेक जण गाडीतून येतच नाहीत. ते ट्रेनने येतात, बसने येतात. स्वस्त पार्किंगची सवलत त्यांना कधीच नव्हती, ती होती आपल्याला. ती गेली तर गरिबाचं काही जात नाही, आपलं जातं. म्हणून तर आपण एवढा आरडाओरडा करतो.

तर एवढं सगळं ज्ञान पाजळल्यावर स्वतः करून बघणं भाग होतं. महिन्याभराने पुन्हा निघालो. यावेळी गाडी नवी मुंबईतल्या एका स्टेशनाबाहेर लावली. दिवसभराचं भाडं भरून शंभराच्या नोटेतून सुटे परत आले. पावतीसकट. बाबांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

पण सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. वाहनतळ म्हणजे नुसतं धुळीचं मैदान, झाडाची सावली नाही. स्वच्छतागृहाला कुलूप. स्टेशनाची लिफ्ट बंद, त्यामुळे बाबांना जिना चढावा लागला. अडतीस पायऱ्या. मध्ये दोनदा थांबले. त्या जिन्यावर उभी असताना मला माझं सगळं तत्त्वज्ञान पोकळ वाटायला लागलं होतं. गाडी वेशीवर सोडा असं सांगणं सोपं आहे, पण ती वेस जर अशी असेल तर शहाण्या माणसाने गाडी घेऊन पुढेच जावं! म्हणून म्हणते, समुद्रावरच्या पार्किंगवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी या अडतीस पायऱ्यांवर व्हायला हवी.

पुढे मात्र चैन होती. रविवार दुपार, हार्बरच्या गाडीत बसायला जागा, खिडकीही. वाशीच्या खाडीवर बाबांनी लेकाला सांगितलं की हा पूल बाबांच्या डोळ्यांदेखत झाला. सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रो. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे सीएसएमटीहून चर्चगेट फक्त दोन स्टेशनं. लिफ्टने खाली, लिफ्टने वर. बाबांना चर्चगेटला जमिनीखालून पोचणं काही केल्या पटत नव्हतं. "आपण नक्की चर्चगेटलाच आलोय ना?" असं दोनदा विचारलं. वर येऊन ओळखीचं स्टेशन दिसलं तेव्हा कुठे खात्री पटली.

तिथून हळूहळू चालत कठडा. पावणेसहा वाजले होते.

आम्ही पाऊण तास बसलो. विशेष काही बोललो नाही. लेकाने शेंगदाणे आणले, बाबांनी सोलून त्यालाच दिले. सूर्य यावेळी ढगात गेला, शेवटचा अर्धा भाग दिसलाच नाही. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर पहिल्या खेपेला जास्त सूर्यास्त दिसला होता :). पण बाबा उठायचं नाव घेत नव्हते. दिवे लागले, तो मोठा वळसा उजळला, तरी बसून. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, गाडी आहे आपली." "कुठली, डेक्कन क्वीन?" ते म्हणाले. मग दोघंही हसलो.

घरी पोचायला बारा वाजले. गाडीने थेट गेलो असतो त्यापेक्षा सगळा मिळून अडीच-तीन तास वेळ जास्त गेला, बाबांचे गुडघे दोन दिवस दुखले. हे पण लिहायला हवं. स्वस्त पार्किंग फुकट मिळत नाही, त्याचे पैसे वेळाच्या आणि गुडघ्यांच्या खात्यातून जातात. पण त्या खात्यावरचा भार शहराने ठरवलं तर कमी होऊ शकतो, चालू लिफ्ट, सावली आणि पाटी एवढ्यावर. समुद्राकाठची जागा मात्र कुणीही ठरवून वाढवू शकत नाही. भर घालून वाढवली तर समुद्र लांब जातो, एवढंच.

असो. मावशी, पुढच्या खेपेला तुझ्याकडे नक्की. आता गिरगावलाही मेट्रोचं स्टेशन आहे, म्हणजे पार्किंगची सबब उरली नाही. फक्त तुझ्या जिन्याला पायऱ्या किती ते आधी मोजून कळव. बाबांना विचारलं तर म्हणाले, त्रेचाळीस होत्या. आता किती आहेत ते बघ.